दालीची ‘खिडकीतली मुलगी’ (१९२५): बघणं, मोजणं, प्रत करणं

करडा_निळा

साल्वादोर दाली म्हटलं की वितळलेली घड्याळं. ते चित्र १९३१चं, आकाराने जेमतेम २४ × ३३ सेंमी. हा धागा त्याच्या सहा वर्षं आधीच्या चित्रावर आहे. एक मुलगी खिडकीशी पाठमोरी उभी, कोपरं खिडकीच्या कठड्यावर टेकलेली, समोर खाडीचं पाणी आणि पलीकडचा किनारा. माद्रिदच्या रेइना सोफिया संग्रहालयात आहे. १०५ × ७४.५ सेंमी, म्हणजे क्षेत्रफळात घड्याळांच्या जवळजवळ दहापट. माध्यम तैलरंग, पण कॅनव्हासवर नाही, कागदाच्या लगद्यापासून केलेल्या घट्ट पुठ्ठ्यावर.

मुलगी म्हणजे दालीची धाकटी बहीण आना मारिया. जन्म १९०८चा, म्हणजे चित्राच्या वेळी सतराची. जागा स्पेनच्या कातालोनिया प्रांतातलं कादाकेस, तिथल्या एस ल्यानेर किनाऱ्यावरचं दाली कुटुंबाचं उन्हाळ्यातलं घर.

‘मानवाकृतीचा अभ्यास म्हणून कुठल्या चित्राची प्रत करू’ हा प्रश्न इथे नेहमी येतो. माझं मत या चित्राला. चेहरा नसल्यामुळे ‘साम्य आलं का’ ही काळजी मिटते आणि सगळं लक्ष ठेवण (पोझ), छटा आणि कडा यांवर राहतं.

सुरुवातीला एकच गोष्ट. जालावरची बरीच छायाचित्रं कडेने कापलेली असतात. उंचीला रुंदीने भागा. १.४१ आलं तर ठीक. १.३५ किंवा १.४८ येत असेल तर वरून, खालून किंवा बाजूने काहीतरी गेलंय. या चित्रात खालची जमीन आणि बाजूची चौकट कापली गेली की मुलगी फार जवळ आल्यासारखी वाटते आणि रचनाच मोडते.

जवस

१.४१ म्हणजे दोनच्या वर्गमुळाच्या अगदी जवळ. ए-मालिकेच्या कागदांचं प्रमाण हेच. ए-२ कागद (५९.४ × ४२ सेंमी) घेतला तर चित्र सुमारे ०.५६ पटीत बसतं, काही कापावं लागत नाही. सरावाला ए-३, प्रतीला ए-२. दालीने प्रमाण यासाठी निवडलं असं मी म्हणत नाही, पण आपल्या सोयीचं आहे.

चौकटी पाडायच्या तर मूळ चित्राच्या ५ सेंमीला एक चौकट धरा. उभ्यात २१ आणि आडव्यात १५ येतील, शेवटची किंचित अपुरी. ए-२ वर तीच चौकट साधारण २.८ सेंमीची होते.

उलटा_कोन

थोडी पार्श्वभूमी, कारण या चित्राला सर्रास ‘अतिवास्तववादाची (स्वप्न आणि अबोध मन यांना वाट देणाऱ्या सर्रिअॅलिझमची) चाहूल’ म्हणून खपवलं जातं.

दाली १९२२ मध्ये माद्रिदच्या सान फेर्नांदो अकादमीत दाखल झाला, १९२३ मध्ये निलंबित, १९२६ मध्ये कायमचा बाहेर. या काळात कवी लोर्का आणि पुढे चित्रपट दिग्दर्शक झालेला बुन्युएल हे त्याचे मित्र. लोर्का १९२५च्या वसंतात कादाकेसच्या घरी राहून गेला होता. नोव्हेंबर १९२५ मध्ये बार्सिलोनाच्या दालमाऊ दालनात दालीचं पहिलं एकल प्रदर्शन झालं आणि त्यात हे चित्र होतं. त्याच प्रदर्शनात घनवादी (क्युबिस्ट) वळणाचीही कामं होती, म्हणजे एकाच वर्षी तो दोन भाषा बोलत होता. प्रदर्शनाच्या पत्रिकेत अँग्र या जुन्या फ्रेंच अभिजात चित्रकाराची वचनं छापली होती. पिकासोचा अभिजात काळ, इटालियन चित्रकारांचं घट्ट आकारांकडे परतणं, महायुद्धानंतर युरोपभर आलेली शिस्तीची ओढ, हे चित्र त्या घराण्यातलं आहे.

ब्रेतोंचा अतिवास्तववादाचा जाहीरनामा १९२४चा, पण दाली पॅरिसच्या गटात गेला १९२९ मध्ये. १९२५ ते १९२९ ही मधली चार वर्षं उडी मारून ओलांडू नयेत.

करडा_निळा

@उलटा_कोन, सनावळी मान्य. पण चित्राच्या आतलं काय? खिडकीला दोन दारं हवीत आणि दिसतं एकच. दुसरं त्याने गाळलंय. बहुतेकांना पहिल्या नजरेत हे कळतही नाही.

घडीव

बाहेर उघडलं असेल.

करडा_निळा

एकाच चौकटीची दोन दारं सहसा उलटसुलट दिशांना उघडत नाहीत. एक आत असेल तर दुसरंही आतच हवं, आणि आत असेल तर दिसायलाच हवं. प्रत करणाऱ्याने पेन्सिलीने ते दुसरं दार काढून बघावं. लगेच कळतं की ते का गेलं. दोन्ही दारं ठेवली की मुलीच्या दोन बाजूंना दोन उभे पट्टे येतात आणि ती मध्ये अडकते. एक काढलं की खोली एका बाजूला मोकळी होते आणि कंबरेचा बाक त्या मोकळ्या बाजूशी बोलायला लागतो.

उलटा_कोन

म्हणजे रचनेची सोय. यात अतिवास्तव कुठे आलं? वास्तुशिल्पात सोयीने खाडाखोड जुने उस्तादही करत होते.

पाठकणा

ठेवणीबद्दल लिहिते, कारण नव्वद टक्के प्रती इथे फसतात.

एका पायावर भार आणि दुसरा सैल, ही ठेवण आपण अभ्यासात असंख्य वेळा काढतो. नियम तोंडपाठ असतो: भाराच्या पायाकडचं नितंब वर, त्याच बाजूचा खांदा खाली. मग विद्यार्थी हा नियम इथेही लावतात आणि खांद्यांची रेघ तिरकी करतात. इथे तसं होत नाही. दोन्ही कोपरं एकाच आडव्या कठड्यावर आहेत. वरच्या धडाचा काही भार हातांनी घेतलाय, त्यामुळे खांद्यांना नितंबाची भरपाई करायचं कारण उरत नाही. तिरकस रेघ फक्त कंबरेखाली. वरची जवळजवळ आडवी. या दोन रेघांमधला फरक पाठीच्या कण्याच्या खालच्या एक तृतीयांश भागात वळतो, वरच्या भागात नाही.

करायचं असं:
- आधी कठड्याची आडवी रेघ, मग कोपरांची दोन टोकं.
- नंतर नितंबाची तिरकी रेघ.
- मानेच्या बुंध्यापासून भाराच्या पायाच्या घोट्यापर्यंत एक ओळंबा. मूळ चित्रावर पारदर्शक कागद ठेवून हा ओळंबा किती सरकतो ते मोजा आणि तेवढाच सरकवा.
- कपड्याच्या चुण्या सगळ्यात शेवटी.

चुण्या आधी काढल्या तर शरीर कपड्याच्या मागे पळतं. इथला झगा अंगाला घट्ट नाही, सैलही नाही. ताण दोनच ठिकाणी आहे, वर आलेल्या नितंबावर आणि पुढे झुकल्यामुळे पाठीवर. चुण्या त्या दोन जागांकडून निघतात. बाकीच्या जागी कापड नुसतं खाली पडतं. सगळीकडे सारख्या चुण्या घातल्या की झगा इस्त्री न केलेल्या पडद्यासारखा दिसतो.

घडीव

पाठमोरी आकृती ही कल्पना त्याची नव्हे ना? जर्मन चित्रकार फ्रीडरिशचं १८२२ चं ‘खिडकीतली बाई’ आहेच, बर्लिनला.

पाठकणा

नाही, त्याची नव्हे. फ्रीडरिशच्या चित्रात त्याची बायको कारोलीने आहे. पण फरक बघा. तिथे खोली अंधारी, वरचा भाग उंच, बाहेरचं दृश्य म्हणजे डोलकाठीचा थोडा भाग आणि झाडं. बाई खिडकीच्या मानाने लहान. दालीकडे मुलगी खिडकी व्यापून उभी आहे. दृश्य ती अडवते, आपल्याला उरलेलंच मिळतं. त्याच वर्षाचं आना मारियाचं बसलेलं पाठमोरं चित्रही रेइना सोफियात आहे, आकार जवळपास हाच. ते आधी करा. कुरळ्या बटा आणि मानेचा जोड तिथे जास्त स्पष्ट कळतो.

करडा_निळा

आता प्रकाश. माझ्या मते चित्राचं खरं कोडं दारात नाही, इथे आहे.

खिडकी समोर, मुलगी तिच्याकडे तोंड करून. प्रकाश खिडकीतून येतोय असं धरलं तर तिची पाठ अंधारात हवी. घरच्या खिडकीशी कोणालाही उभं करून मोबाइलने फोटो काढा, काळी आकृती येईल. चित्रात तसं नाही. पाठ फिकट, उजळ, चुण्यांमधल्या सावल्या मऊ. म्हणजे आपल्या बाजूनेही भरपूर प्रकाश आहे, तोही एका दिशेचा नव्हे तर सगळीकडे पसरलेला. बाहेरचं पाणी डोळे दिपवत नाही आणि आतली भिंत काळवंडत नाही.

नऊ पायऱ्यांची करड्याची पट्टी करा, १ काळा आणि ९ पांढरा. चित्राचं कृष्णधवल छायाचित्र शेजारी ठेवा. बराचसा पृष्ठभाग मधल्या पायऱ्यांत सामावतो. टोकाचे गडद डाग थोडे, केस त्यांतले मुख्य. म्हणून नजर डोक्यावर जाते. चेहरा नाही, पण सगळ्यात मोठा विरोध डोक्याच्या कडेला ठेवलाय.

प्रत करताना चूक ठरलेली: बाहेरचं आकाश आणि पाणी पांढरं करत नेतात, कारण ‘बाहेर उजेड असतो’ हे डोक्यात असतं. मग झगा मळका दिसायला लागतो, मग झगा पांढरा करतात, आणि शेवटी सगळं खडूसारखं होतं. टायटॅनियम पांढऱ्याची रंग झाकण्याची ताकद इतकी आहे की निळ्यात थोडा जास्त पडला की निळा थंड आणि चुन्यासारखा होतो.

उलटा_कोन

हे मात्र पटलं. दार गाळणं ही रचना, पण पाठीवरचा प्रकाश ही कबुली आहे की त्याला खोली नकोच होती. हवा नाही, वेळ नाही. कुठल्या तासाचं दृश्य आहे हे सावल्यांवरून सांगता येत नाही. पुढे १९३०च्या दशकात रिकाम्या किनाऱ्यांवर जो थांबलेला उजेड त्याने रंगवला त्याची तयारी इथे दिसते, एवढं मी मान्य करतो. ‘चाहूल’ नाही म्हणणार.

दोरीसूत

क्षितिजाबद्दल एक बारकावा. पलीकडच्या किनाऱ्याची पाण्याची रेघ म्हणजे क्षितिज नव्हे. क्षितिज बघणाऱ्याच्या डोळ्याच्या पातळीवर असतं. खाडीत पाणी पलीकडच्या किनाऱ्यापाशी संपतं, म्हणून ती रेघ डोळ्याच्या पातळीपेक्षा थोडी खाली येते. समजा डोळा पाण्यापासून ६ मीटर उंच आणि किनारा ६०० मीटर लांब आहे. उतार ६ ÷ ६००, म्हणजे शंभराला एक. खिडकी आपल्यापासून अडीच मीटरवर असेल तर खिडकीच्या प्रतलात हा फरक अडीच सेंटिमीटर. हे आकडे उदाहरणापुरते, चित्राचे नव्हेत.

उपयोग असा की कठडा, चौकट आणि उघड्या दाराच्या तिरक्या रेषा जिथे मिळतात तो बिंदू किनाऱ्याच्या रेघेवर ओढून बसवू नका. रेषा लांबवा, त्या जिथे मिळतील तिथे मिळू द्या. इंटरमिजिएटच्या परीक्षेचं यथार्थदर्शन इथे पुरतं, फक्त क्षितिज आधी आखायची सवय बाजूला ठेवावी लागते.

मळभ

फळीवर केलं तर चालेल? कॅनव्हासची वीण नको आहे.

जवस

चालेल, उलट बरं. मूळ पृष्ठभाग लगद्याचा आहे, त्यामुळे वीण मध्ये येत नाही. मोठे सपाट भाग, भिंत, कठडा, झगा, हे सगळं न दाणेदार होता उतरायचं असेल तर जाड विणीचा कॅनव्हास त्रास देतो.

खरा लगद्याचा पुठ्ठा करत बसू नका. कागद, सरस आणि भरण यांचं मिश्रण वाळताना सर्व बाजूंनी सारखं आकसत नाही. मोठा तुकडा हमखास वाकतो, कोपरे भुगा होतात, आणि ओलावा शोषतो. त्याऐवजी ६ मिमी एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी). ए-२ तुकड्याचं वजन साधारण १.१ किलो, पूर्ण मापाचा केलात तर साडेतीन किलोच्या आसपास. पूर्ण मापाला मागून लाकडी पट्ट्यांची चौकट लावावी लागेल.

तयारी:

१. कडा २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून किंचित गोल करा. धारदार कडेवर लेप टिकत नाही, पहिला टवका तिथेच उडतो.

२. पुढची, मागची आणि चारही कडा अॅक्रिलिक माध्यमाने बंद करा. फक्त पुढची बाजू केली तर मागची ओलावा घेते, पुढची घेत नाही, आणि फळीचा द्रोण होतो. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात एका आठवड्यातही होतो.

३. अॅक्रिलिक जेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या लेपाचे) चार पातळ हात. प्रत्येक हात आधीच्या काटकोनात. मध्ये दोन-तीन तास. दुसऱ्या आणि चौथ्या हातानंतर ४०० नंबरने घासा, धुळीचा मास्क लावून.

४. तीन दिवस थांबा. मग तैलरंग.

सशाच्या कातडीचा सरस आणि खडूची पूड वापरायचा हट्ट असेल तर सरस पाण्यात वजनाने १ ला १४ ठेवा, रात्रभर भिजवा, दुहेरी भांड्यात ६० अंशांखाली गरम करा. उकळला तर चिकटपणा जातो आणि लेप भुकटी होऊन निघतो. दमट हवेत या लेपाला बुरशीही धरते. म्हणून इथे मी अॅक्रिलिकच सुचवतो.

मळभ

प्लायवूड?

जवस

वरच्या पापुद्र्याचे रेषे काही वर्षांत बारीक भेगांच्या रूपाने रंगातून वर येतात. नको.

करडा_निळा

रंग. हे प्रतीसाठीचं साहित्य आहे, दालीच्या पेटीची यादी नव्हे: टायटॅनियम पांढरा, अल्ट्रामरीन, कोबाल्ट निळा, पिवळी गेरू म्हणजे यलो ऑकर, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, बर्न्ट अंबर. काळा नको.

करडा अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबरपासून बनवा. ढोबळ मानाने दोनास एक घेतलं की निळसर, एकास एक घेतलं की उबदार. कंपनीगणिक अंबरची ताकद बदलते, म्हणून आधी कागदावर पाच पट्ट्या करून बघा. हाच करडा पांढऱ्याने फिका करत गेलात की भिंत, कठडा, झग्याच्या सावल्या आणि लांबचे डोंगर एकाच कुटुंबातले राहतात. चित्र शांत का वाटतं याचं अर्धं उत्तर यात आहे. ट्यूबमधला तयार करडा घेतला की हे नातं तुटतं.

सुरुवातीलाच चार डबे भरा: गडद करडा, मधला, फिका, आणि फिका निळा. ए-२ साठी प्रत्येकी १५ ते २० मिली पुरतं. झाकणाच्या डब्यात, वर प्लास्टिकचा कागद दाबून. मध्येच संपला आणि पुन्हा मिसळला तर भिंतीवर जोड दिसतो.

पाठकणा

आणि कडा! बाह्यरेषा सगळीकडे सारखी धारदार ठेवू नका, पण पुसूही नका. अँग्रचं वेड इथेच दिसतं: आकृतीची कड ठाम आहे आणि आतली छटा हलकी. पंखा ब्रशने आत घोटत बसलात की अंग मेणाचं होतं. छटेच्या दोन पायऱ्या शेजारी ठेवा, कोरड्या मऊ ब्रशने जोडावर एकदाच फिरवा, थांबा. पडद्याच्या आणि लांबच्या टेकड्यांच्या कडा त्यामानाने सैल.

मळभ

थर किती आणि किती दिवसांच्या अंतराने?

जवस

तीन पुरतात.

पहिला रॉ अंबर आणि टर्पेंटाइन, तेल नाही. फक्त छटांचा आराखडा. अंबरमध्ये मँगनीज असल्याने लवकर वाळतो, दोन दिवसांत हाताला लागत नाही.

दुसऱ्यात रंग. माध्यम स्टँड ऑइल (तापवून घट्ट केलेलं जवसाचं तेल) एक भाग, टर्पेंटाइन दोन भाग, आणि तेही जेमतेम. पाच-सहा दिवस.

तिसऱ्यात स्टँड ऑइल आणि टर्पेंटाइन समसमान. खालच्या थरापेक्षा वरच्यात तेल जास्त, हा क्रम उलटला की वरचा थर आधी कडक होतो, खालचा नंतर हलतो, आणि भेगा पडतात.

लेप जास्त शोषक झाला असेल तर गडद भाग वाळल्यावर मंद, भुरकट दिसतात. रंग बदलला असं वाटून त्यावर पुन्हा गडद मारू नका. कापडाच्या बोळ्याने अगदी पातळ तेल चोळा, जास्तीचं लगेच पुसा. मूळ छटा परत येते, मग ठरवा.

पांढऱ्यासाठी करडईचं तेल कमी पिवळं पडतं हे खरं, पण ते चित्रकामासाठी शुद्ध केलेलं असावं. स्वयंपाकाचं नको, त्यात टिकाऊपणासाठी घातलेले घटक असू शकतात आणि वाळणं आणखी लांबतं. करडईच्या तेलातला रंग वरच्या थरातच ठेवा. जवसापेक्षा तो सावकाश वाळतो, खाली गेला तर वर भेगा.

तेलाच्या चिंध्या चुरगाळून कचऱ्याच्या पेटीत टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळा स्वतःहून पेटू शकतो. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

घडीव

हे चित्र नंतर त्याने पुन्हा हाताळलं का?

उलटा_कोन

दोनदा तरी, आडवळणाने. १९३४च्या एका लहान चित्रात किनाऱ्यावर एक दाई पाठमोरी बसली आहे आणि तिच्या पाठीतच चौकोनी खिडकी कापलेली आहे, त्यातून पलीकडचं दिसतं. खिडकी आणि पाठ, दोन्ही एकत्र. फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गच्या दाली संग्रहालयात आहे.

दुसरं १९५४चं. खिडकीशी पाठमोरी तरुणी, पण शरीर गेंड्याच्या शिंगांसारख्या आकारांत फुटलेलं, नाव मुद्दाम अश्लील. १९४९ मध्ये आना मारियाने भावाबद्दल आठवणींचं पुस्तक काढलं, ते त्याला झोंबलं आणि दोघांचं पुरतं फाटलं. ते चित्र १९२५च्या चित्राला दिलेलं उत्तर म्हणून वाचलं जातं. मला ते सूडाचं वाटतं, आणि चित्र म्हणून १९२५च्या जवळपासही जात नाही.

करडा_निळा

शेवटच्या वाक्याला +१.

मळभ

प्रत विकता येईल का? एका ओळखीच्यांनी विचारलंय.

दोरीसूत

नाही. दाली जानेवारी १९८९ मध्ये गेला. भारतात कलाकृतीचा हक्क मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे २०४९ अखेरपर्यंत. स्वतःच्या अभ्यासासाठी प्रत करायला कायद्यात मुभा आहे. विकणं, छापणं, कॅलेंडरवर टाकणं त्यात येत नाही. सही उतरवू नका. मागच्या बाजूला ‘दालीच्या १९२५च्या चित्रावरून अभ्यास’, तुमचं नाव आणि वर्ष पुसलं न जाणाऱ्या शाईत लिहा. माप मूळापेक्षा वेगळं ठेवलंत तर गैरसमजाला जागाच राहत नाही, ए-२ त्यासाठीही सोयीचा.

मळभ

ठीक. वॉर्निश लगेच लावलं तर?

जवस

सहा महिन्यांनी. त्याआधी चमक असमान दिसत असेल तर रिटच वॉर्निशचा (तात्पुरत्या पातळ वॉर्निशचा) एक हात चालतो, तोही तिसरा थर हाताला पूर्ण कोरडा लागल्यावर. शेवटचं वॉर्निश मॅट घ्या. चकचकीत घेतलंत तर केसांच्या गडद भागात खोलीतला दिवा दिसेल.

पाठकणा

@मळभ, रंग घ्यायच्या आधी ठेवणीचं रेखाचित्र इथे टाका. कोपरं, नितंब आणि घोटा, एवढे तीन बिंदू असले तरी पुरे.